बाहेरचं प्लास्टर आणि शेजारीच ड्रेनेजचा चर: हेल्मेट-बेल्ट पुरतात का?

नवा_मुकादम

तळमजला अधिक तीन मजले, पॅरापेटपर्यंत उंची साधारण १२.५ मीटर. बाहेरच्या प्लास्टरसाठी लोखंडी पाइपची परांची बांधायची आहे. रुंदी १.२ मीटर, भिंतीपासून ३० सेंमी सोडून, म्हणजे बाहेरचा पाय (उभा पाइप) भिंतीपासून दीड मीटरवर येतो. त्याच बाजूला ड्रेनेज लाइनचा चर खोदायचाय, त्याची अलीकडची कड भिंतीपासून २ मीटरवर. खोली १.८ मीटर, रुंदी ७५ सेंमी. वर भरावाची माती, खाली मुरूम. माणसं १८-२०. वेळ वाचावा म्हणून दोन्ही कामं एकदमच काढायचा विचार आहे.

हेल्मेट, बूट सगळ्यांना दिलेत. परांचीवरच्यांसाठी कमरेचे बेल्ट आणलेत. आणखी काय लागेल, आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी नेमकं काय बघायचं? पाटीवरचं ‘सुरक्षा प्रथम’ नको, हात लावून तपासता येईल असं सांगा.

ओळंबा

बेल्टचं मागून बघू. सगळ्यात धोक्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दोन्ही कामं एकदम.

चराच्या तळापासून ४५ अंशात वर रेघ ओढा. खोली १.८ मीटर, म्हणजे ती रेघ जमिनीवर चराच्या कडेपासून १.८ मीटरवर निघते. त्या पट्ट्यातली माती चरात सरकायला टपलेली असते. परांचीचा बाहेरचा पाय कडेपासून अर्ध्या मीटरवर, आतला १.७ मीटरवर. दोन्ही पाय पट्ट्यातच. एवढ्या उंचीच्या भरलेल्या परांचीच्या एका पायावर सहज पाचशे किलोंवर वजन येतं. ते १५ बाय १५ सेंमीच्या बेसप्लेटवर (पायाखालच्या लोखंडी पाटीवर) आलं तर चौरस सेंटीमीटरला दोन किलोंहून जास्त होतं. भरावाची माती एवढं पेलत नाही, आणि शेजारी चर असेल तर विषयच संपला.

म्हणून क्रम बदला. आधी चर, पाइप, पाणी सोडून चाचणी. मग १५-२० सेंमीच्या थरांनी भरणी, प्रत्येक थर ओला करून रॅमरने ठोकून. परांची त्यानंतर. ट्रॉलीने एकदम माती लोटून वरून टायर फिरवलं तर फक्त वरचे अर्धा फूट घट्ट होतात, खालचं पहिल्या पावसात बसतं आणि एक पाय हवेत लोंबकळतो. बेसप्लेटखाली निदान दोन पायांना पुरेल एवढ्या लांबीची, ४-५ सेंमी जाड आणि २२ सेंमी रुंद फळी घाला. विटा नकोत, त्या भाराखाली उभ्या चिरतात.

आणखी एक. इमारतीच्या पायाचा तळ चराच्या तळापेक्षा वर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय टिकाव मारू नका.

कुदळ_फावडं

ओळंबांशी सहमत. चराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण १.८ मीटर म्हणजे ‘एवढंसंच तर आहे’ असं वाटायला लावणारी खोली आहे. माणूस उभा राहिला की डोकं जेमतेम कडेला, पण चरात तो वाकलेला असतो.

घनमीटरभर मातीचं वजन १६०० ते १९०० किलो. छातीपर्यंत गाडलेला माणूस श्वास सोडतो तेव्हा छाती आकसते आणि माती त्या जागेत घुसते. पुढचा श्वास तेवढा कमी. डोकं बाहेर असूनही माणूस गुदमरतो तो असा.

दीड मीटरच्या पुढे उभ्या कडा आधाराशिवाय ठेवू नयेत. भराव असेल तर दीड मीटरच्या आतही नको. उतार देऊन खोदायचं तर भरावाला १ खोलीला दीड आडवं लागतं, म्हणजे तुमच्या चराला दोन्हीकडे २.७ मीटर. भिंतीकडे तेवढी जागाच नाही. तेव्हा शोअरिंगच: ५ सेंमी जाड उभ्या फळ्या, त्यांना आडवे वासे आणि मधे ताणलेले स्क्रू-जॅक. फळ्यांचा खालचा शेवट तळापर्यंत पोचला पाहिजे, वरचा जमिनीच्या थोडा वर, म्हणजे वरून दगड घरंगळत येत नाही. जॅक लावताना वरचा आधी, काढताना खालचा आधी आणि तेवढी भरणी करतच वर यायचं. सगळा आधार एकदम काढून मग माती टाकायची, ही चूक फार होते. जॅकचं अंतर आणि वाशांचा आकार माती बघून इंजिनीअरकडूनच घ्या.

उपसलेली माती कडेपासून निदान ६० सेंमी लांब, जमलं तर दीड मीटर, आणि ती पलीकडच्या बाजूला. शिडी अशी ठेवा की चरातल्या कुणालाही ७.५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, वरचं टोक कडेच्या मीटरभर वर. मशीन खोदत असताना त्या टप्प्यात माणूस नको.

सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर कडेला समांतर भेगा बघा, साधारण हात-दोन हात आत दिसतात. तळाशी पोट सुटलंय का, पाणी पाझरतंय का, बारीक माती सारखी घसरतेय का, हेही बघा. यातलं एकही दिसलं तर माणसं वर. कडा ढासळलीच, तर दुसऱ्याने उडी मारायची नाही आणि खोदाई मशीनचं बकेट घालायचं नाही. अग्निशमन दलाला फोन, बाकीचे कडेपासून लांब.

जुन्या चेंबरला जोडणार असाल तर आत उतरायचं नाही. गॅस मोजल्याशिवाय तर नाहीच. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास प्रमाण वाढलं की येईनासा होतो, नाकच बधिर होतं. ‘वास गेला, आता हवा खेळली’ हा समज जीवघेणा आहे.

घट्ट_कपलर

परांची. दर २ मीटरला एक टप्पा धरा. पाइप ४८ मिमी. आडव्या पाइपांना काटकोनी कपलर (दोन पाइप जोडणारी नट-बोल्टची पकड), फिरता कपलर फक्त तिरप्या पाइपांना. फिरता कपलर भार घेणाऱ्या जागी लावलेला दिसला की बांधणाऱ्याला हिशोब माहीत नाही असं खुशाल समजा. नट साध्या पान्याने हाताच्या जोराने आवळायचा. पान्याला पाइप जोडून आवळला की आटे ताणले जातात, आणि तो कपलर पुढच्या वेळी दगा देतो.

फळ्या: ३८ मिमीच्या फळीला दीड मीटरपेक्षा लांब गाळा (दोन आधारांमधलं अंतर) नको. तुमचा गाळा १.८ मीटरचा असेल तर मधे एक जादा आडवा पाइप. फळीचं टोक पाइपाच्या बाहेर ५ ते १५ सेंमी. कमी असेल तर फळी निसटते, जास्त असेल तर टोकावर पाय पडताच दुसरं टोक वर उठतं. टप्पा पूर्ण रुंदीत भरा. दोन फळ्यांवर कसरत करत घमेलं नेणारा माणूस बेल्ट लावूनही पडणारच.

कठडा मीटरभर उंचीवर, त्याखाली अर्ध्यावर दुसरा, आणि फळीच्या कडेला १५ सेंमीची उभी पट्टी. ही पट्टी वरच्यासाठी नाही, खालच्याच्या डोक्यासाठी आहे. थापी तिच्यावर आदळून थांबते.

वजनाचा हिशोब करून दाखवतो. प्लास्टरच्या परांचीला चौरस मीटरला २०० किलो धरतात. गाळा १.८ बाय १.२, म्हणजे ४३० किलो. दोन गवंडी आणि एक बिगारी मिळून २१० गेले. राहिले २२०, म्हणजे ओल्या मसाल्याची फार तर सात-आठ घमेली. शिवाय एका गाळ्यात एका वेळी एकाच टप्प्यावर काम.

इमारतीशी बांधणी (टाय) उंचीत दर ४ मीटरला, लांबीत दर ६ मीटरला. खिडकीतून पाइप आत घेऊन आतल्या बाजूने आडवा पाइप कपलरने आवळा. तारेने ग्रिलला बांधणं म्हणजे बांधणी नव्हे. प्लास्टरमध्ये बिघडतं ते इथेच: खिडकीच्या बाजू भरताना टाय आडवा येतो, गवंडी तो सोडतो आणि जेवायला जातो. एक टाय सोडायचा तर आधी शेजारी दुसरा लागला पाहिजे, आणि पान्याला हात परांची बांधणाऱ्याचाच.

सकाळची फेरी खालून वर: पायाखालची फळी, बेसप्लेट टेकलीय का, तिरपे पाइप जागेवर आहेत का, टाय मोजा (पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा), मग फळ्या आणि कठडे. वीस मिनिटांचं काम. शिडी चार वर एक बाहेर, वरचं टोक टप्प्याच्या मीटरभर वर आणि बांधलेली.

नवा_मुकादम

चर आधी, परांची मागून, हे पक्कं केलं. दोन शंका: कमरेच्या बेल्टला काय हरकत? आणि बाहेरून हिरवी जाळी लावायची आहे, तिने काही फरक पडतो का?

ओळंबा

कमरेचा बेल्ट माणसाला कडेपर्यंत जाऊ न देण्यापुरता ठीक. पडणाऱ्याला थांबवायला नाही. सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, किंवा माणूस उलटा होऊन बेल्टातून निसटतो. फुल बॉडी हार्नेस घ्या, पाठीवर डी-रिंग (दोरी अडकवायची कडी), झटका शोषणारं पाकीट असलेली दुहेरी दोरी, म्हणजे सरकताना एक हूक कायम अडकलेला राहतो.

पण हार्नेसचंही गणित असतं. दोरी १.८ मीटर, पाकीट फाटून लांबतं ते १.२ ते १.७५, डी-रिंगपासून पायापर्यंत १.५, वर मीटरभर मोकळं. बेरीज साडेपाच ते सहा मीटर, हूक अडकवलेल्या जागेपासून खाली. म्हणजे पहिल्या टप्प्यावर (२ मीटर) डोक्यावर हूक लावला तरी माणूस जमिनीवर आदळणार. दुसऱ्यावरही भरवसा नाही. तिथे कठडाच वाचवतो. वरच्या टप्प्यांवर हूक डोक्याच्या वर. पायाशी लावला तर पडण्याचं अंतर दीड-दोन मीटरने वाढतं. हूक कठड्याला नाही, टायजवळच्या उभ्या पाइपाच्या सांध्यापाशी, तोही परांची बांधणाऱ्याने ‘इथे लावा’ म्हणून दाखवलेल्या जागी.

लोंबकळणाऱ्याला उतरवायचं कसं, हे आधी ठरवा. पट्ट्यांमुळे पायात रक्त साचतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. एकदा झटका खाल्लेला हार्नेस कापून टाका, नाहीतर कुणीतरी परत घालतो.

तीन_फेज

मिक्सर, ग्राइंडर, पाण्याचा पंप असणारच. ‘एमसीबी आहे’ (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) म्हणून निर्धास्त होऊ नका. १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला ५०-१०० मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे एमसीबीला त्याची कुणकुणही लागत नाही. तात्पुरत्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी दाबा. ट्रिप झाला नाही तर बोर्ड बंद. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी तो बायपास केला असेल, तर खरा दोष कुठल्यातरी केबलच्या टेप मारलेल्या जोडात सापडेल.

केबल परांचीच्या पाइपाला तारेने बांधू नका. तार इन्सुलेशन कापते आणि अख्खी परांची जिवंत होते. वरून विजेची लाइन जात असेल तर पाइप, शिडी, माणूस सगळं ३ मीटरहून लांब. ६ मीटरचा पाइप दोघांनी आडवा न्यायचा, उभा करून फिरवायचा नाही. लाइन त्याहून जवळ असेल तर वीज कंपनीकडून बंद करून घेतल्याशिवाय परांची बांधूच नका.

साधा_गवंडी

दोन गोष्टी राहिल्या. आतल्या डक्टवर आणि लिफ्टच्या खड्ड्यावर प्लाय नुसता ठेवलेला असेल तर खिळे मारा आणि वर ‘खाली खड्डा’ असं रंगवा. माणूस मोकळा प्लाय उचलतो, तो समोर धरून एक पाऊल पुढे टाकतो आणि त्या प्लायनेच झाकलेल्या खड्ड्यात जातो.

दुसरं सिमेंट. ओल्या मसाल्याचा पीएच १२-१३, बुटात किंवा गुडघ्याखाली शिरला तर लगेच दुखत नाही, संध्याकाळी कातडी सोललेली दिसते. बूट काढून वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली. टाइल किंवा काँक्रीट कापताना पाणी मारून कापा आणि एन९५ लावा, तोंडाला बांधलेलं फडकं सिलिकाची धूळ अडवत नाही.

घट्ट_कपलर

जाळीचं राहिलं. जाळी म्हणजे होडीचं शीडच. उघड्या परांचीतून वारा निघून जातो, जाळीवर अडतो आणि परांचीला भिंतीपासून ओढतो. जाळी लावणार असाल तर टाय साधारण दुप्पट धरा आणि आकडा डिझाइन करणाऱ्याकडून पक्का करून घ्या. टाय पूर्ण झाल्याशिवाय जाळी चढवू नका. उतरवताना उलट, आधी जाळी, मग टाय, तेही वरच्या टप्प्यापासून.