व्हॉल्व्ह रेडिओच्या स्पीकरचा कोन फाटलाय, घरी जोडता येईल का?

देवरुखकर
नमस्कार मंडळी. आजोबांचा व्हॉल्व्हचा (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ माळ्यावरून खाली काढलाय. ओळखीच्या कारागिराने कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलून दिले, सेट सुरू झाला, स्टेशनही लागतं. पण आवाज फाटका येतो. बातम्या नीट कळतात; भजन लागलं आणि डग्ग्यावर थाप पडली की फर्रर्र. मागची फळी काढून पाहिलं तर 8 इंची स्पीकरच्या कागदी कोनला, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूला, बोटभर चीर आहे, खालच्या बाजूला उंदराने कुरतडून रुपयाएवढं भोक पाडलंय आणि कडेच्या चुण्यांत एक बारीक भेग दिसते. दुकानदार म्हणतो, नवा स्पीकर टाका. मला हाच ठेवायचाय. काही करता येईल का?

निखिल_ठाणे
चिरेवर फेविक्विक, भोकावर मागून सेलोटेप. माझ्या कारच्या स्पीकरला असंच केलंय, चालतोय.

कृष्णाकाठ
देवरुखकर, स्पीकर अजिबात टाकू नका. आणि निखिल, राग मानू नकोस, पण जुन्या कोनला फेविक्विक नको. ते कागदात झिरपतं आणि काचेसारखं कडक होतं. मग कडक भाग जिथे संपतो तिथूनच नवी चीर पडते, आणि लावलेलं काढताही येत नाही. सेलोटेपचा गोंद दमट हवेत सुटतो, टेप स्वतःच फडफडायला लागते.

वडिलांचं मिरजेत रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. कोन चिकटवायचं काम माझ्याकडे यायचं, कारण माझी बोटं बारीक. त्यांची शिकवण एकच: कागदाला कागदच लावायचा, आणि लागेल तेवढाच. कोनवर मध्यापासून कडेपर्यंत जोड दिसत नसेल तर तो लगद्यापासून साच्यात घडवलेला असतो, सगळा तंतूंचा. ठिगळाचे तंतू त्यात मिसळले पाहिजेत. आणि कोनचं वजन मुळातच काही ग्रॅम, त्यामुळे जाड ठिगळ एका बाजूला आलं की कोन तिकडे ओढला जातो आणि व्हॉईस कॉइल (कोनला मागून चिकटलेली, चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) घासू शकते.

म्हणून आधी कॉइल तपासा. सेटची पिन काढा, थोडा वेळ जाऊ द्या, कॅपॅसिटरमध्ये विजेचा दाब राहिलेला असू शकतो. कारागिराला बोलावून स्पीकर सोडवून घेतलात तर उत्तमच. स्पीकर जोडलेला नसताना सेट चुकूनही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा) जळू शकतो. स्पीकर टेबलावर उताणा ठेवून मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना सारखी बोटं ठेवा आणि कोन अगदी हलका खाली दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय, मग काम वेगळं आणि अवघड. गुळगुळीत हलला तर पुढे चला.

कागद पतंगाचा घ्या. तो कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने आकार काढा आणि हाताने ओढून फाडा, म्हणजे कडेला तंतूंची लव राहते आणि ठिगळाची कड कोनवर उठून दिसत नाही. साधा पांढरा फेविकॉल, तेवढंच पाणी. हे मिश्रण ठिगळाला लावायचं, कोनला नाही. कोन भिजला की मऊ पडून वाकडा होतो. चिरेच्या दोन्ही कडा जुळवून पहिली पट्टी मागून, सांगाड्याच्या खिडकीतून. ती पूर्ण वाळली की दुसरी पुढून. भोकाला मागून मोठं ठिगळ, पुढून भोकापेक्षा जेमतेम मोठं. रात्रभर वाळू द्या, तुमच्याकडे पाऊस असेल तर आणखी एक दिवस. हेअर ड्रायर नको, एक बाजू आधी आकसते.

कडेच्या चुण्यांची गोष्ट वेगळी. ती कड हलण्यासाठीच असते, तिथे फेविकॉल वाळून ताठ होईल. भेगेवर फेविबाँडसारख्या रबरी गोंदाचा पातळ हात द्या, खिडकी उघडी ठेवून, वास उग्र असतो. भेग उघडी असेल तर त्याच गोंदात कागदाची अगदी अरुंद पट्टी.

लोहचुंबकाजवळ काम आहे, तेव्हा टेबलावर लोखंडाचा कीस, पिना काही नको. चुंबकाच्या फटीत गेलेला कण बाहेर काढणं फार जिकिरीचं. फेविकॉलची पट्टी वाकडी बसली तर ओल्या कापसाने मऊ करून सोडवता येते, म्हणून घाबरू नका.

देवरुखकर
ताई, मनापासून आभार. कोन दाबून पाहिला, काहीच घासत नाही. मल्टिमीटरवर 3.2 ओहम येतात. इथल्या दुकानात पतंगाचा कागद लाल नि हिरवाच मिळाला, चालेल? आणि ठिगळ पुढून दिसू नये म्हणून काळा रंग दिला तर?

कृष्णाकाठ
3.2 म्हणजे कॉइल शाबूत आहे. 4 ओहमच्या स्पीकरला मीटर असाच थोडा कमी आकडा दाखवतो. रंगीत कागदाचा रंग ओला झाला की उतरतो, कोनवर डाग पडेल. त्यापेक्षा टी-बॅग उकला, चहा काढून टाका. तो कागद पातळ, लांब तंतूंचा आणि ओला झाला तरी न फाटणारा. दोऱ्याने किंवा पिनेने बंद केलेली बॅग घ्या. गरम दाबून चिकटवलेल्यांत प्लॅस्टिकचे तंतू असतात, त्यांवर गोंद तेवढा धरत नाही. ऑइलपेंट नको, वजन वाढतं. चित्रकलेची न पुसणारी काळी शाई फक्त ठिगळावर, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून.

निखिल_ठाणे
ताई, माझ्या कारच्या स्पीकरचा कोन पॉलिप्रॉपिलीनचा (प्लॅस्टिकचा) आहे, कागदी नाही. आत्ता कळलं फरक कुठे पडला. देवरुखकर, मागच्या फळीला आतून बारीक तारेची जाळी ठोका, नाहीतर उंदीर परत येईल. भोकं मात्र बुजवू नका, व्हॉल्व्हची उष्णता तिथूनच बाहेर जाते.