लॉनच्या स्प्रिंकलर लाइनमधली गळती सापडत नाहीये, मदत हवी आहे

जमिनीखालून पीव्हीसी पाइप, चार झोन (लॉनचे वेगवेगळे चालू-बंद होणारे भाग), प्रत्येकाला वेगळा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडबंद होणारा. चारही झोन बंद, घरातले सगळे नळही बंद ठेवून मीटर पाहिला: अर्ध्या तासात ४० लिटरने पुढे सरकला. लॉनकडे जाणारा मुख्य कॉक बंद केला की मीटर जागच्या जागी थांबतो. म्हणजे गळती घरात नाही, कॉकच्या पुढेच आहे.

झोन २ मधल्या सगळ्यात खालच्या स्प्रिंकलरपाशी माती कायम ओली असते. आधी वाटलं, पाइपात उरलेलं पाणी उताराने तिथून निघत असेल. पण ते थोड्या वेळाने थांबायला हवं ना? इथे दुसऱ्या दिवशीही झिरपतंय. त्या झोनचा व्हॉल्व्ह उघडून डायफ्राम (पाणी अडवणारा आतला रबरी पडदा) धुतला, वाळूचे दोन कण निघाले, फरक शून्य. झोन चालू केल्यावर प्रेशर मात्र चांगलं येतं.

पाइपचा नकाशा नाही, आणि सगळं लॉन उकरायची इच्छा नाही. झोन २ चा व्हॉल्व्हच पाणी सोडतोय, की व्हॉल्व्हच्या आधीची, कायम दाबाखाली असणारी लाइन फुटली आहे, हे न खणता कसं ओळखायचं?