मदत हवी आहे: २५ जणींचं हिमोग्लोबिन एकाच आलेखात कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. इंदूरला एम.डी.चा प्रबंध लिहितेय. २५ गरोदर बायका, लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधीचं आणि ३ महिन्यांनंतरचं हिमोग्लोबिन. सरांना सरासरीचे दोन स्तंभ हवेत. पण तिघींचं हिमोग्लोबिन उलट घटलंय, ते त्यात पार झाकलं जातं, आणि मला तर त्याच तिघींची काळजी आहे.

स्तंभांवर प्रमाण विचलनाऐवजी (एकेकीचे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) प्रमाण त्रुटी (सरासरीचा अंदाज किती नेमका आहे ते) दाखवली की रेघ पाचपट आखूड होते (२५चं वर्गमूळ ५), आणि सगळ्याजणी सारख्याच वाटायला लागतात. म्हणून ते नकोच. बॉक्स प्लॉट (मधला आकडा आणि आकड्यांचा पसारा चौकटीने दाखवणारा आलेख) करून पाहिला. कुणाचं वाढलं, कुणाचं घटलं, कळेना. मग प्रत्येकीचे दोन ठिपके रेघेने जोडले, ११ ग्रॅमवर तुटक रेघ मारली, कारण गरोदरपणात त्याखाली रक्तक्षय धरतात. हे मनाला पटलं, पण मधोमध रेघांचा नुसता गुंता होतो.

छपाई काळी-पांढरी, त्यामुळे रंग चालणार नाहीत. हाताशी एक्सेलच आहे, जागा अर्धं पान.

घटलेल्या तीन रेघा ठळक ठेवून बाकीच्या फिकट करू, की प्रत्येकीच्या फरकाचा ठिपक्यांचा वेगळा आलेख देऊ? परीक्षकांपुढे यातलं काय टिकेल?