चांद्रयान की चंद्रयान?

लिंबूटिंबू
सोसायटीच्या गणपतीला यंदा विक्रम लँडरचा देखावा आहे. पुठ्ठ्याचा लँडर सोनेरी कागद लावून तयार झालाय, अडलंय ते फलकावर. मी ‘चांद्रयान-३’ लिहिलं. सेक्रेटरी म्हणतात, इस्रोने नाव ‘चंद्रयान’ ठेवलंय, काना काढा. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात काना असतो. फ्लेक्सवाला सातपर्यंत फाइल मागतोय. बरोबर काय?

व्याकरणखोर
काना हवाच. सूर्याचं ते सौर, तसं चंद्राचं ते चांद्र. चांद्रमास, चांद्रवर्ष म्हणतो ना आपण? चंद्रमास कोण म्हणतं?

दुर्बीणवाली
आणि चांद्रग्रहण कोण म्हणतं? चंद्रग्रहण, चंद्रकोर, चंद्रबळ हे सगळे बिनकान्याचे सुखात नांदताहेत. सौरऊर्जा म्हणतो, पण सूर्यमालाही म्हणतोच. चंद्राकडे जाणारं यान ते चंद्रयान, साधा तत्पुरुष. शिवाय हे विशेषनाम आहे. १५ ऑगस्ट २००३ ला वाजपेयींनी लाल किल्ल्यावरून मोहीम जाहीर केली ती याच नावाने. दुसऱ्याच्या पोराचं बारसं आपण परस्पर कशाला उरकायचं?

कट्टेकरी
मग मंगळयानाचं काय? हिंदीवाले मंगलयान म्हणतात, आपण ‘ळ’ लावून मोकळे. खरं तर त्याचं कागदोपत्री नाव मार्स ऑर्बिटर मिशन. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा ‘ळ’वरून कुणी वर्गणी अडवली नव्हती.

दुर्बीणवाली
मंगळ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द, तिथे फक्त उच्चार आपला झाला. व्याकरणखोरांच्या न्यायाने ‘मांगळयान’ व्हायला हवं होतं. पुढचं मानवी मोहिमेचं यान ‘गागनयान’ म्हणायचं का?

आजोळकर
माझा एक तर्क आहे, हसू नका. आमची आजी चांद्रायण व्रत करायची. शुद्ध प्रतिपदेला एक घास, रोज एकेक वाढवत पौर्णिमेला पंधरा, मग वद्य पक्षात तसेच उतरत्या क्रमाने. अमावास्येला कडक उपास. २००८ च्या ऑक्टोबरात पहिलं यान सुटलं, तेव्हा ती सगळ्यांना ‘चांद्रायण गेलं’ सांगत होती, आणि तिला कुणी दुरुस्तही केलं नाही. मराठी कानाला ‘चांद्रा…’ ही सुरुवात ओळखीची. पेपरातला काना तिथूनच आला असणार.

व्याकरणखोर
आजींना नमस्कार, पण व्युत्पत्ती अशी घरबसल्या काढत नाहीत. चांद्रायणातलं ‘अयन’ हे ‘इ’ धातूवरून, ‘यान’ हे ‘या’ धातूवरून. दोन्हींचा अर्थ जाणं, एवढंच काय ते नातं.

कट्टेकरी
विशेषनामाला हात लावायचा नाही म्हणता, तर १९७५ च्या पहिल्या उपग्रहापासून सुरुवात करा. नाव आर्यभट, आणि अर्धा देश आर्यभट्ट म्हणतो. ‘आर्यभटीय’त त्याने स्वतःचं नाव आर्यभट असंच घातलंय, ‘भट्ट’ घातलं तर बहुतेक ठिकाणी छंदच मोडतो. तिथे जोडाक्षर घुसवलेलं चालतं, इथे एक काना सोसत नाही?

लिंबूटिंबू
पावणेसात झाले. दुसरी ओळ ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर भारताचं पहिलं पाऊल’ अशी आहे. तिच्यावर तरी आक्षेप नाही ना?

दुर्बीणवाली
आहे की! विक्रम उतरला तो सुमारे ६९ अंश दक्षिणेला. ध्रुव तिथून आणखी एकवीसेक अंश लांब, म्हणजे चंद्राच्या आकारमानाने सहाशे किलोमीटरांहून जास्त. ‘दक्षिण ध्रुवीय प्रदेशात’ म्हणा, ‘ध्रुवाजवळ’ म्हणा, पण ‘ध्रुवावर’ नको. इतक्या दक्षिणेला अलगद उतरणारे आपणच पहिले, हे खरं आहे आणि फलकाला तेवढं पुरेसं आहे. आणि पाऊल कुणाचं? प्रज्ञानला सहा चाकं आहेत.

व्याकरणखोर
‘उतरणे’ मोघम आहे. एसटीतूनही माणूस उतरतो. ‘अवतरण’ म्हणा.

कट्टेकरी
अवतरण म्हटलं की मला चिन्हं दिसतात, नाहीतर साक्षात विष्णू. विमान धावपट्टीवर टेकतं तसं यान टेकलं म्हणा. आणि ७ सप्टेंबर २०१९ ला पहिला विक्रम गेला, त्याला काय म्हणाल? तेव्हा ‘हार्ड लँडिंग’ हा फार सोज्वळ शब्द निघाला होता. स्वच्छ मराठीत तो आदळला.

दुर्बीणवाली
आदळण्याला इतकं वाईट समजू नका. १४ नोव्हेंबर २००८ ला पहिल्या मोहिमेतला, अंगावर तिरंगा रंगवलेला छोटा प्रोब चंद्रावर आदळला तो ठरवून, पडता पडता मोजमापं घेत. त्याला ‘आदळवला’ म्हणावं, म्हणजे अपघात आणि योजना यांत एका ‘व’चा फरक राहील.

आजोळकर
‘आदळवला’ कशाला? बाई रागाने भांडी आदळते, तेव्हा ती आदळवते का? आदळणे, आपटणे दोन्ही तऱ्हांनी चालतात. विक्रम आदळला, इस्रोने प्रोब आदळला. सगळं काम तो ‘ने’ करतोय.

व्याकरणखोर
बोलीत चालत असेल. छापताना प्रयोजक रूपच हवं.

आजोळकर
मग ‘आदळआपट’चं प्रयोजक रूप करून दाखवा.