उत्तर: दुष्काळ एकटा दोषी नाही

दुष्काळ पडला की केनियातल्या तुर्काना आणि पोकोत या गुरं पाळणाऱ्या जमाती एकमेकांच्या जिवावर उठतात, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे ते. पाणी आटतं तेव्हा दोघांचेही कळप त्याच पाणवठ्यावर येतात, हे मान्य. पण दुष्काळ पूर्वीही पडायचे, आणि वडीलधारे बसून चराईचा तोडगा काढायचे.

फरक पडला तो बंदुकांनी. १९७९ मध्ये इदी अमीनची सत्ता कोसळली, शेजारच्या युगांडातल्या मोरोतो गावचं शस्त्रागार तिथल्या करामोजोंग या गुराखी जमातीनं लुटलं. मग भाल्यांच्या जागी रायफली आल्या. त्यात व्यापारी घुसले. पळवलेली गुरं ट्रकमधून थेट बाजारात. मग वडीलधारे परत काय मागणार?

२०१२ मध्ये केनियातल्या सुगुटा खोऱ्यात चोरीची गुरं सोडवायला गेलेले चाळीसहून जास्त पोलीस मारले गेले. त्याची बातमी तरी झाली. युगांडात सैन्याने शस्त्रं काढून घेतली आणि गुरं छावणीशेजारच्या वाड्यांत कोंडली, तेव्हा सकाळी उशिरा सोडल्यामुळे ती अर्धपोटी राहायची, दूध आटायचं. त्याच दुधावर वाढणाऱ्या लहान पोरांचे हाल कुणी मोजले? आणि दोन जमातींच्या सीमेवरचं चांगलं गवत भीतीपोटी तसंच उभं वाळतं, हे तर मला सगळ्यात जास्त लागतं.