मदत हवी आहे: आईसाठी सोपा डिजिटल कॅमेरा (मोबाईल नको म्हणते!)

शेवग्याची शेंग:

मंडळी जरा मदत करा. आईला कॅमेरा घ्यायचाय. हो, कॅमेराच. "मोबाईलमध्ये असतो की" हे तिला सांगून झालंय, मी तीनदा, दादाने एकदा आणि शेजारच्या काकू रोज सांगतात, तेव्हा कृपया ते नको.

आई ६८ वर्षांची, चिपळूणला असते. बाबा फोटोत असतात, काढत नाहीत. जानेवारीत दोघं ग्रुपबरोबर राजस्थानला चाललेत, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर असे नऊ दिवस, आणि त्याआधी डिसेंबरात मावसबहिणीचा साखरपुडा आहे, तोही हॉलमध्ये म्हणजे संध्याकाळचा आणि पिवळ्या दिव्यांचा.

मोबाईल का नको ते सांगते. मे महिन्यात गुहागरला गेलो होतो, दिवसभर तिने हौसेने फोटो काढले, घरी येऊन बघतो तर बाबांचे एकाच पोजमधले २१४ फोटो. कारण ती बटण दाबून धरते. आमच्याकडे पूर्वी कोडॅकचा केबी-टेन हा रिळाचा कॅमेरा होता, त्याचं बटण खट्ट आवाज येईपर्यंत दाबायचं ही सवय अजून हातात आहे. आणि जो एक फोटो सगळे नीट उभे राहून काढायचा होता नेमका तेव्हाच गॅसवाल्याचा फोन आला. शिवाय तिची बोटं कोरडी पडलीत, स्क्रीनला बोट लागलेलं कळतच नाही, मग ती जोरात दाबते, मग फोन हलतो, मग फोटोही हलतो, मग चिडते. शेवटी म्हणाली, "मला ज्यात फक्त फोटो निघतात असं काहीतरी आण."

तर हवं काय: खरंखुरं दाबायचं बटण, थोडा झूम (देवळाचे कळस तिला जवळून बघायला आवडतात), हलका, पर्समध्ये मावेल असा. मेनू कमीत कमी. फोटो नंतर छापून अल्बममध्ये लावायचेत, आमच्याकडे अजून अल्बम असतात. बजेट ३० हजार, फार तर थोडं वर. मला स्वतःला यातलं शून्य कळतं, दुकानदाराने मेगापिक्सेल म्हटलं की मी मान डोलावते.

पावशेर:

सरळ डीएसएलआर घे ताई. एकदाच घ्यायचा, चांगला घ्यायचा. क्वालिटीला तोड नाही.

शेवग्याची शेंग:

पर्समध्ये?

पावशेर:

मोठी पर्स घ्या मग :)

घाटावरचा:

पावशेरकडे लक्ष देऊ नका, त्याने स्वतःचा डीएसएलआर तीन वर्षं कपाटात ठेवलाय, मी साक्षीदार आहे.

तुमच्या वर्णनाला सगळ्यात जवळ बसतो तो कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस. मॉडेल जुनं आहे, २०१८ चं, पण मी माझ्या सासऱ्यांना तोच दिलाय. ऑप्टिकल झूम ४० पट, म्हणजे कळसच काय कळसावरचं कबूतर पण येतं. वजन बॅटरीसकट ३०० ग्रॅमच्या आत. वर गोल चकती आहे ती ऑटोवर ठेवायची आणि विसरायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याला टचस्क्रीन नाहीये! रिव्ह्यूवाले हे उणं म्हणून लिहितात, तुमच्या आईंना तेच हवंय. स्क्रीन वर उलटी फिरते त्यामुळे दोघांना एकत्र स्वतःचा फोटो पण काढता येतो.

उणं सांगतो. डोळा लावून बघायची खिडकी नाही, राजस्थानात दुपारी उन्हात स्क्रीन नीट दिसणार नाही, ब्राइटनेस वाढवून ठेवा. बॅटरी कंपनीच्या हिशेबाने २६५ फोटो, तेव्हा दुसरी बॅटरी घ्याच. विमानाने जाणार असतील तर सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

किंमत मी सांगत नाही कारण दर आठवड्याला वेगळी दिसते. घ्याल तिथून भारतातली वॉरंटी आहे ना आणि पक्कं बिल मिळतंय ना एवढं बघा.

कोकम सोडा:

शेंगताई, आधी एक धोक्याची सूचना. ऑनलाइन शोधलंत की पहिल्या पानावर चार-पाच हजारात "४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम, फोर-के" असले कधी नाव न ऐकलेले कॅमेरे येतील आणि खाली स्टारही भरपूर असतील. घेऊ नका. तो १६ एक्स म्हणजे डिजिटल झूम, फोटो काढून नंतर मधला तुकडा मोठा करायचा, हे तर मोबाईलवर चिमटीने होतंच. डब्यावर "ऑप्टिकल" हा शब्द शोधायचा. भिंग खरोखर पुढेमागे सरकतं तो ऑप्टिकल. मी फसलोय म्हणून सांगतोय, भाचीला दिला वाढदिवसाला, तिचीच पहिली प्रतिक्रिया "मामा हे खेळणं आहे का".

आणि चॉइस कमी का दिसतेय म्हणाल तर मोबाईलने हा धंदाच खाल्ला. कॅसिओने २०१८ मध्ये असले छोटे कॅमेरे बंद केले, ऑलिंपसने तर कॅमेऱ्याचा अख्खा विभाग विकून टाकला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी दुकानात ३० मॉडेलं मांडलेली असायची, गुलाबी कॅमेरा पण मिळायचा.

मधली फळी:

सोनीचा आरएक्स १०० बघा. त्याचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) 'एक इंची' म्हणतात तो आहे, वरच्या कॅननचा त्याच्या साधारण चौथा हिस्सा भरतो, त्यामुळे हॉलमधल्या कमी उजेडात फरक लगेच दिसतो. अडचण दोन. नवीन व्हर्जन बजेटच्या फार बाहेर. आणि मेनू असा की मी इंजिनिअर असून अजून हरवतो. पहिल्या आरएक्स १०० चा झूम पण जेमतेम ३.६ पट, कळस लांबच राहील.

गुळांबा:

आईंना छापीलच हवेत ना, मग इन्स्टॅक्स? बटण दाबलं की फोटो बाहेर, आमच्या आजीला जादूच वाटली.

शेवग्याची शेंग:

गुळांबा, हे मी आईला दाखवलं, लहान मुलासारखी खूश झाली आणि मग फोटोचा आकार बघून म्हणाली यात बाबांचं नाक तरी मावेल का. (इन्स्टॅक्स मिनीचा फोटो क्रेडिट कार्डाच्या चौकटीत, आतलं चित्र ६२ बाय ४६ मिमी.) शिवाय एका पाकिटात १० फोटो. नऊ दिवस राजस्थान म्हणजे किती पाकिटं, मी हिशेब केला आणि टॅब बंद केला.

उगाच एक:

हल्ली कॉलेजची पोरं जुने डिजिकॅम शोधत फिरतात, तुमच्याच कुणा नातेवाइकाच्या कपाटात २००८ चा एखादा सापडेल, फुकट काम होईल.

फिल्लमवाला:

उगाच, फुकट वाटतं पण आधी बॅटरी फुगलेली, मग चार्जर सापडत नाही, आणि फार जुना असेल तर २ जीबीपेक्षा मोठं कार्ड घेतच नाही. हौसेला ठीक. प्रवासाला निघालेल्या ६८ वर्षांच्या बाईच्या हातात देऊ नका.

शेंगताई, मी २६ वर्षं फोटो लॅब चालवली, थोडं सविस्तर लिहितो, कंटाळलात तर सोडून द्या.

मेगापिक्सेलवर मान डोलावणं बंद करा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके, बस. अल्बममधला फोटो चार बाय सहा इंच. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे १२०० गुणिले १८००, झाले की २१ लाख साठ हजार. दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर! आठ बाय बारा करून भिंतीवर लावला तरी नऊच्या आत. त्यामुळे १२ का २० का २४ हा प्रश्नच तुमचा नाही. माझ्याकडे यायचे त्यातले खराब फोटो मेगापिक्सेल कमी म्हणून खराब नव्हते, ते हललेले होते.

आणि ते का हलतात? बटण एका दमात दाबतात म्हणून. डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो, हिरवी चौकट येते, मग उरलेलं दाबायचं. केबी-टेनला फोकस ठरलेलाच असायचा, तिथे हा प्रकार नव्हता, म्हणून जुन्या हातांना हे सांगावं लागतं. मी बायकांना सांगायचो, गॅसचं बटण कसं आधी आत दाबता आणि मग फिरवता, तसं. पटकन कळायचं. पुरुषांना नाही कळायचं, का ते तुम्हीच ठरवा.

घाटावरचा म्हणतात तो कॅमेरा बरोबर आहे तुमच्यासाठी, पण साखरपुड्यात त्याचा झूम वापरू नका म्हणावं. झूम न करता त्याचं भिंग एफ ३.३ ला उघडतं, पूर्ण झूमला ६.९ (हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान), म्हणजे आत येणारा उजेड चौथ्या हिश्श्याहूनही कमी होतो आणि फोटो दाणेदार नाहीतर हललेला येतो. चार पावलं पुढे जायचं, मुलीकडच्या मावशीला कोण अडवणार आहे! छोट्या फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटर पोचतो, हॉलच्या मागून फ्लॅश मारला तर पुढच्या रांगेतल्या टकलांचे फोटो येतात.

आता खरी भीती. वाळू. जैसलमेरला सगळे ग्रुप सॅमच्या वाळूत नेतात, शहरापासून ४० किलोमीटरवर, उंटावर बसवतात. असल्या कॅमेऱ्याची नळी बाहेर येते आणि आत जाते, तिच्या फटीत दोन कण गेले तरी भिंग अर्ध्यात अडकतं आणि स्क्रीनवर लेन्स एरर. गोव्याहून परत आलेले असे किती कॅमेरे मी बघितलेत. वाळूत असताना झिपच्या पिशवीत, फोटो काढायचा तेवढाच बाहेर, वारा असेल तर नाहीच. नळी बाहेर न येणारे कॅमेरे असतात, ओएम सिस्टिमचा टीजी-७ तसा आहे, पाण्यातही चालतो, पण मग झूम चारच पट.

आणि तुम्ही चिपळूणच्या. पावसाळ्यात कॅमेरा कापडी केसमध्ये घालून कपाटात ठेवलात की भिंगाला बुरशी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून दहा-वीस फोटो काढा.

शेवग्याची शेंग:

फिल्लमवाले काका, कंटाळले नाही, आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. गॅसच्या बटणाला ती मोठ्याने हसली आणि म्हणाली हा माणूस खरा आहे.

अपडेट: आई साखरपुड्याच्या आधी चार दिवस पुण्याला आली, तेव्हा तिलाच दुकानात घेऊन गेले. विक्रेत्याने आधी मला समजवायला सुरुवात केली, व्हीलॉग, कनेक्टिव्हिटी वगैरे, आईने कॅमेरा त्याच्या हातातून घेतला, बटण अर्धं दाबलं, हिरवी चौकट आली, मग पूर्ण दाबलं, आणि म्हणाली "हा आवाज करतो. हाच." ७४० घेतला. बजेटच्या वर गेलो, वरचे दादाने दिले. दुसरी बॅटरी आणि ३२ जीबीचं कार्ड घेतलं, माझ्या अंदाजाने चार हजारांच्या आसपास फोटो मावतील, म्हणजे आईला राजस्थानला पुरेल अशी आशा आहे. तारीख-वेळ सेट करून दिली, चकती ऑटोवर, आणि चकतीवर सेलोटेपचा तुकडा लावलाय कारण ती पर्समध्ये फिरते.

घाटावरचा:

सेलोटेपची आयडिया ढापतोय.

शेवग्याची शेंग:

मंडळी धागा वर काढतेय, नवीन प्रॉब्लेम. आईबाबा राजस्थानहून आले, फोटो खरंच सुंदर आलेत, साखरपुड्याचेसुद्धा. वाळूत कॅमेरा झिपच्या पिशवीतच होता, उंटावर बसलेल्या बाबांचा फोटो नाही त्यामुळे, बाबा थोडे नाराज आहेत. आईने ८० फोटो निवडून गावातल्या लॅबमध्ये चार बाय सहा करायला दिले आणि बऱ्याच फोटोत डोकं तरी वरून चिकटलंय नाहीतर पाय गेलेत. कॅमेऱ्यावर बघितलं तर पूर्ण दिसतंय! कॅमेरा बिघडलाय का?

फिल्लमवाला:

कॅमेरा ठणठणीत आहे. चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. असल्या कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या मापाचा असतो आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोन. कागद भरायचा म्हणजे उंचीतला नववा हिस्सा कापावा लागतो, मशीन वरून-खालून सारखं कापतं. आधीच काढलेल्या फोटोंसाठी लॅबवाल्याला सांगा पूर्ण फोटो घे, कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल. किंवा सहा बाय आठ करा, ते माप बरोबर बसतं. पुढच्या वेळेसाठी मेनूत फोटोचं प्रमाण तीनास दोन करून ठेवा, मग स्क्रीनवर दिसेल तेच कागदावर येईल.

शेवग्याची शेंग:

सापडलं मेनूत, व्हिडिओ कॉलवर आईकडून करून घेतलं, दहा मिनिटं लागली त्यातली आठ चष्मा शोधण्यात. लॅबवाला परत करून देतोय, पण निम्मेच फोटो. आईने यादी केलीय कुठले आधी. पहिला नंबर मेहरानगडच्या दारातला बाबांचा. जोधपूरला घेतलेली नवी मोजडी दिसावी म्हणून त्यांनी मुद्दाम पायापर्यंत काढायला लावला होता, आणि मशीनने नेमकी मोजडीच कापली.