टेकडीवरच्या लागवडीभोवती जाळपट्टा: कधी आणि किती रुंद?

माळरान_७:
पुणे जिल्ह्यात टेकडीवर तीन एकरांत करंज, आपटा, कडुनिंबाची दोन वर्षांची रोपं आहेत. भोवती कमरेइतकं कुसळी गवत. पूर्वेला तीव्र उतार, पायथ्याला रस्ता. वणवा अडवायला जाळपट्टा (गवत काढून उघडी ठेवलेली जमिनीची पट्टी) करायचाय. नुसतं गवत कापून भागेल का?

करवंदी:
नाही. कापलेलं गवत तिथेच पडलं तर तेच जळण. नोव्हेंबरात थोडी ओल असतानाच कापा, उचलून न्या, मग माती दिसेपर्यंत खरवडा. सपाटीवर गवताच्या उंचीच्या तीन-चार पट रुंदी पुरते. उतारावर ६ मीटर तरी हवीच, कारण आग चढाला पळते: ज्वाळा वरच्या गवतावर झुकून ते आधीच तापवतात. पेटत्या काडीचा धोका रस्त्याकडून, त्यामुळे पहिला पट्टा रस्त्यालगतच काढा. दुसरा लागवडीभोवती. उताराला आडव्या पट्ट्यात वीतभर खोल चर खणून माती खालच्या अंगाला टाका, म्हणजे घरंगळणारे पेटते ओंडके तिथेच अडतील.

घाटमाथा:
पट्टा जाळून काढायच्या फंदात पडू नका. वनखातं दोन्ही कडा आधी साफ करून मधलं गवत जाळतं, तेही १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी आणि हाताशी माणसं ठेवून. लगत राखीव वन असेल आणि आग तिकडे गेली, तर भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागतं. वाळलेलं शेण आतून तासन्‌तास धुमसतं. सकाळी विझलंसं वाटतं आणि दुपारच्या वाऱ्यावर पुन्हा पेटतं.

माळरान_७:
रोपांच्या आळ्यात गवताचं आच्छादन आहे. ठेवू का?

करवंदी:
फेब्रुवारीपासून नको. काढा, किंवा वर चार बोटं माती ओढा. वाळक्या आच्छादनावर एक ठिणगी पडली तरी रोपाचं खोड भाजतं. पानगळीत पट्ट्यावर पाला साचतो. पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला झाडा. बहुतेक पट्टे इथेच फसतात.

घाटमाथा:
उपग्रहाच्या इशाऱ्यावर विसंबू नका. व्हीआयआयआरएस (आगीची उष्णता टिपणारं उपकरण) असलेला उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातो. मधल्या वेळेत अर्ध्या तासात जळून गेलेलं गवत त्याला दिसत नाही. आग लागलीच तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. झोडपायचं ते जळालेल्या बाजूने. हिरवी फांदी आपटायची नाही, ठिणग्या उडतात, दाबून ओढायची. आगीच्या वरच्या अंगाला कुणीही थांबायचं नाही.